वज्रज्वालेची रात्र : निद्राविकार, शय्या आणि दुहेरी मौन

कुंभकर्णाच्या बायकोचे नाव काय, हा प्रश्न वर्गात विचारून पाहावा. मंदोदरी सर्वांना ठाऊक असते. कुंभकर्णालाही बायको होती, हे मात्र बहुतेकांच्या कधी मनातच आलेले नसते. वाल्मीकिरामायणाच्या उत्तरकांडात तिचे नाव वज्रज्वाला असे आले आहे. ती बळीची नात, मुलीची मुलगी. मंदोदरीशी स्वतःचा विवाह झाल्यावर रावण भावांचीही लग्ने लावून देतो आणि वज्रज्वालेला कुंभकर्णासाठी आणतो. लगेच पुढच्या सर्गात कुंभकर्णाला झोप अनावर होते. तो भावाकडे झोपण्यासाठी घर मागतो, रावण त्याला भव्य घर बांधवून देतो आणि तो त्यात जाऊन झोपतो. कुंभ आणि निकुंभ हे त्याचे पुत्र पुढे युद्धात लढतात, त्या अर्थी संसार झाला. तो कसा झाला, हे कवी सांगत नाही आणि आपणही विचारत नाही. कुंभकर्ण आपल्या भाषेत विनोदाचा विषय होऊन बसला आहे. घरात कुणी जास्त झोपला, मोठ्याने घोरला, की त्याला हे नाव मिळते. सगळे हसतात, बहुधा त्याची बायकोही हसते.

ह्या हसण्याचा विचार करावा असे मला वाटते. झोपेचा विकार ही आपल्याकडे हसण्याची गोष्ट आहे आणि कामजीवनातली अडचण ही लाजेची. एकाच माणसाला, एकाच शय्येवर, ह्या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आधाराने छळत असतील तर त्याने काय करावे? पहिली सांगितली तर लोक हसतात आणि दुसरी सांगताच येत नाही. त्या दोन्ही मिळून एकच तक्रार असू शकते, हे कळायला वैद्यकालाही फार वेळ लागला. त्या उशिराचा इतिहास शोधताना वैद्यकाइतकेच साहित्यही उपयोगी पडते.

पुराणकथेतच अजून थोडे थांबू. तेलुगू स्त्रियांच्या मौखिक गीतांत ऊर्मिलेच्या निद्रेची कथा आहे. वनवासात लक्ष्मण चौदा वर्षे झोपत नाही. त्याची झोप अयोध्येत राहिलेली ऊर्मिला आपल्या अंगावर घेते आणि तितकी वर्षे झोपून राहते. कथेतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग त्यानंतरचा आहे. लक्ष्मण परत येऊन तिच्या महालात जातो, तेव्हा ती त्याला ओळखत नाही. परपुरुष शयनगृहात शिरला असे वाटून ती घाबरते. इतक्या वर्षांच्या विस्कटलेल्या झोपेनंतर दोघांना पुन्हा एकमेकांची ओळख करून घ्यावी लागते. महाकाव्याने ज्या खोलीचे दार लावून घेतले, ते स्त्रियांच्या गाण्याने उघडले. एकाची झोप बिघडते तेव्हा तिची किंमत दुसऱ्यालाही मोजावी लागते, हे त्या गाणाऱ्यांना वैद्यांच्या आधी कळले असावे.

वैद्यांना काहीच कळले नव्हते असे मात्र नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातल्या एकविसाव्या अध्यायात निद्रेवर काय काय अवलंबून असते ह्याची यादी आहे. सुख आणि दुःख, पुष्टी आणि कृशता, बळ आणि दुर्बलता अशा जोड्या सांगत असताना ग्रंथकार वृषता आणि क्लीबता हीही जोडी घालतो. पुरुषाची कामक्षमता झोपेच्या ताब्यात आहे, असे हे सरळ विधान आहे. त्याच अध्यायात अतिस्थूल माणसाचे आठ दोष दिले आहेत आणि त्यांत 'कृच्छ्रव्यवायता' आहे, म्हणजे समागमात होणारा त्रास. सुश्रुताने स्थूल माणसाची लक्षणे देताना आखूड श्वास, अतिनिद्रा, 'क्रथन' आणि अल्प व्यवाय ही एकाच ठिकाणी ठेवली आहेत. क्रथन हा शब्द श्वास अडण्याशी, झोपेतल्या घरघरीशी जोडला जातो. आजच्या निद्रातज्ज्ञाला हे वर्णन वाचून आपलाच रुग्ण आठवेल. 'आमच्याकडे सगळे आधीच होते' म्हणणाऱ्यांनी तरीही फार सुखावू नये. लक्षणे शेजारी शेजारी मांडणे वेगळे आणि त्यांमधला धागा उलगडणे वेगळे. शिवाय ही शेजार-मांडणी पुढे आपण पार विसरलो, आणि विसरलो एवढेच नाही, तर तिच्या जागी एक भलतीच जोडी बसवली.

ती जोडी म्हणजे 'स्वप्नदोष'. हा शब्द नीट पाहावा. झोपेत वीर्यस्खलन होणे ही तरुण शरीराची साधी घटना आहे. तिच्या नावातच 'दोष' घातला, की ती ऐकणारा मुलगा रोगी होतो. वीर्यनाशाने शरीर झिजते ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे, पण एकोणिसाव्या शतकात तिला युरोपातूनही बळ मिळाले, हे लक्षात ठेवले पाहिजे. फ्रान्समध्ये लालमाँ ह्या शल्यचिकित्सकाने १८३६ ते १८४२ ह्या काळात अनैच्छिक वीर्यस्रावावर मोठा ग्रंथ लिहिला आणि 'स्पर्माटोऱ्हिया' ह्या रोगाची भीती साऱ्या युरोपात पसरली. त्यावर उपाय म्हणून आतून काटे असलेली कडी विकली जात. झोपेत ताठरता आली की काटे टोचावेत आणि माणूस जागा व्हावा, अशी ती योजना. म्हणजे नसलेल्या रोगासाठी असलेली झोप मोडायची! मुळात निरोगी असलेली माणसे अशा उपायांनी रात्रीला भिऊ लागली असतील, तर नवल नाही. रात्रीची भीती बसली की झोप जाते आणि झोप गेली की पुढचे सारेच बिघडते. भारतात ह्याच भीतीतून आलेल्या थकव्याच्या, दुबळेपणाच्या आणि नपुंसकत्वाच्या तक्रारींना मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली 'धात सिंड्रोम' हे नाव दिले.

मराठीत ह्या भीतीशी उघडपणे दोन हात करणारा माणूस म्हणजे रघुनाथ धोंडो कर्वे. गणिताच्या ह्या प्राध्यापकाने जुलै १९२७ मध्ये 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि ऑक्टोबर १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते जवळजवळ एकहाती चालवले. वाचकांनी खाजगी प्रश्न विचारावेत आणि संपादकाने आडपडदा न ठेवता उत्तरे द्यावीत, हा त्या मासिकाचा प्राण होता. १९३४ साली ह्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. बचावासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरी कर्वे हरले आणि त्यांना दोनशे रुपये दंड झाला. हस्तमैथुनाने शरीराची हानी होत नाही, असे सांगणे हा त्या काळी गुन्हा ठरू शकत होता. हा इतिहास 'ध्यासपर्व' (२००१) चित्रपटामुळे आणि पुढे अजित दळवींच्या 'समाजस्वास्थ्य' (२०१७) नाटकामुळे पुन्हा लोकांसमोर आला. इथे त्याची आठवण वेगळ्या कारणासाठी करून द्यायची आहे. कर्व्यांच्या हयातीत झोप आणि काम ह्यांच्यातला जो संबंध मराठी माणसाला भेडसावत होता, तो खोटा होता. खरा संबंध कर्व्यांच्या मृत्यूनंतर हळूहळू उघड होत गेला. त्या वेळी तो मराठीत सांगणारे 'समाजस्वास्थ्य' उरले नव्हते. मुंबईच्या लोकलच्या डब्यांत चिकटवलेल्या 'गुप्तरोगा'च्या जाहिराती मात्र उरल्या होत्या.

खऱ्या संबंधाचा पहिला धागा निरोगी झोपेच्या अभ्यासातून हाती आला. १९४४ साली, युद्ध चालू असताना, ओल्मायर आणि त्यांच्या जर्मन सहकाऱ्यांनी झोपलेल्या पुरुषांची रात्रभर नोंद ठेवली. साधारण दर ८५ मिनिटांनी ताठरतेचे एक आवर्तन येते, असे त्यांना आढळले. त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. १९५३ मध्ये शिकागोत ॲसरिन्स्की आणि क्लाइटमन यांनी डोळ्यांच्या जलद हालचालींची 'रेम' निद्रा ओळखली. पुढे १९६५ मध्ये न्यूयॉर्कला चार्ल्स फिशर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की ही आवर्तने रेम निद्रेच्याच सोबतीने येतात. स्वप्नात काय दिसते ह्याच्याशी त्यांचा फारसा संबंध नसतो. स्त्रियांच्या शरीरातही त्या काळात रक्तप्रवाह वाढतो, हे पुढे नोंदले गेले. ज्याला शतकभर दोष म्हटले, तो निरोगी झोपेचा नित्यक्रम निघाला. आता ह्या नित्यक्रमाकडे साक्षीदार म्हणून पाहता येऊ लागले. जागेपणी अडचण आहे पण झोपेत सारे व्यवस्थित आहे, तर कारण बहुधा मनात किंवा नात्यात असावे. झोपेतही नाही, तर रक्तवाहिन्या, नसा, संप्रेरके तपासावीत. ह्या परीक्षेचे महागडे प्रकार होते आणि स्वस्तातलेही होते. १९८० साली टपालाच्या तिकिटांची पट्टी गुंडाळून झोपवण्याची आणि सकाळी ती तुटली आहे का ते पाहण्याची युक्ती वैद्यकीय नियतकालिकात गंभीरपणे छापून आली! ह्या साक्षीत एक मोठी फट होती, ती अशी की झोपच मोडकी असेल तर साक्षीदारच नादुरुस्त असतो.

झोप कशी मोडते ह्याच्या शोधाला एका कादंबरीचे नाव मिळाले, ही साहित्याच्या माणसांना सुखावणारी गोष्ट आहे. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मध्ये (१८३६-३७) ज्यो नावाचा लठ्ठ पोरगा आहे. तो उभ्या उभ्या झोपतो, काम करता करता घोरतो. वाचकाने हसावे म्हणूनच तो आहे. एका प्रसंगी बागेत टपमन आणि वॉर्डल घराण्यातली प्रौढ कुमारिका ह्यांचे प्रियाराधन चाललेले असते. समोर आलेला ज्यो झोपेतच आहे असे समजून ती दोघे निश्चिंत राहतात. तो जागा असतो आणि जाऊन म्हातारीला सारे सांगतो. झोपाळू माणसाला प्रेमप्रसंगाच्या शेजारी उभे करून केलेला हा विनोद एकशेवीस वर्षे तसाच राहिला. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अतिस्थूलता, झोपाळूपणा आणि मंदावलेला श्वास असलेल्या एका व्यावसायिकाचे वर्णन केले आणि त्या अवस्थेला 'पिकविकियन सिंड्रोम' म्हटले. हा गृहस्थ दवाखान्यात आला त्याचे कारण पत्त्यांचा डाव होता. हातात तीन एक्के आणि दोन राजे, म्हणजे जवळजवळ जिंकलेलाच डाव असताना त्याला झोप लागली आणि तो हरला. तेव्हा त्याला वाटले, की आता डॉक्टरांना भेटले पाहिजे. त्याच्या पत्नीला ते किती आधी वाटले होते, हे त्या वर्णनावरून कळत नाही.

बर्वेल यांचा रोख दिवसाच्या झोपेवर होता. रात्री काय घडते हे १९६५ मध्ये कळले. फ्रान्समध्ये गास्तो आणि सहकारी, तर जर्मनीत युंग आणि कूलो, अशा दोन गटांनी स्वतंत्रपणे पाहिले, की ह्या माणसांचा श्वास झोपेत वारंवार थांबतो. झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते, छाती धडपडत राहते पण हवा आत जात नाही. रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू क्षणभर जाग आणतो, मोठ्या घोरण्याने वाट उघडते आणि पुन्हा तेच. तीव्र विकारात हे तासाला तीस किंवा त्याहून अधिक वेळा घडते. सकाळी माणसाला ह्यातले काहीही आठवत नाही. आठवते ते शेजारी झोपलेल्या व्यक्तीला. तो थांबलेला श्वास पुन्हा सुरू होतो की नाही, ह्याची वाट पाहत ती जागी असते.

स्टॅनफर्डला क्रिस्तियाँ गिलमिनो यांनी १९७६ मध्ये ह्या विकारासाठी 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' हे नाव रूढ केले. पुढच्या वर्षी त्यांच्या गटाने पंचवीस रुग्णांचा आढावा छापला. डोकेदुखी, चिडचिड, विसराळूपणा अशा तक्रारींबरोबर त्यात लैंगिक अडचणींचीही नोंद आली. चरक-सुश्रुतांच्या यादीत शेजारी शेजारी बसलेल्या गोष्टी पुन्हा एकत्र आल्या. आता त्यांमधला धागाही दिसू लागला. वारंवार उतरणारा प्राणवायू रक्तवाहिन्यांच्या अस्तराला इजा करतो. त्या सैल पडून रक्त भरावे ह्यासाठी लागणारे नायट्रिक ऑक्साइड कमी पडते. रात्रभर शरीर जणू संकटात असल्यासारखे ताणलेले राहते. टेस्टोस्टेरॉन प्रामुख्याने झोपेत वाढते, तेही खालावते. नुसती झोप कमी केली तरी काय होते, हे २०११ मध्ये शिकागोत पाहिले गेले. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिले, तर दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्के उतरले. ह्या साऱ्यात भर म्हणून दिवसभराची पेंग आहेच. ज्याला संध्याकाळी जेवताना डोळे उघडे ठेवणे जड जाते, त्याच्याकडून रात्री शृंगाराची अपेक्षा करणे म्हणजे थट्टाच. पण ही थट्टा त्या घरात कुणालाच कळलेली नसते. पत्नीला वाटते, आपल्यात काही राहिले नाही. पतीला वाटते, आपले पुरुषत्व संपले. मग तो लोकलमधल्या जाहिरातीवरचा पत्ता शोधतो.

गिलमिनो यांचे ते पंचवीसही रुग्ण पुरुष होते. आपल्याकडे डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ साली मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. झोपेत श्वास बिघडण्याचा प्रकार १९.५ टक्के लोकांत आढळला आणि त्याबरोबर दिवसाची पेंगही असणारे ७.५ टक्के निघाले. तेही सारे पुरुषच. स्त्रियांनाही हा विकार होतो, विशेषतः रजोनिवृत्तीनंतर. पण त्यांचे घोरणे हे पुरुषांच्या घोरण्यासारखे कौतुकमिश्रित विनोदाचे होत नाही, त्याची लाज वाटते. आणि त्यांची कामेच्छा मावळली तर ती 'वयाप्रमाणे' मानली जाते. अडचण केवळ ताठरतेच्या मापाने मोजायची ठरवली, तर अर्धी माणसे मोजणीतून बाहेर राहणारच. झोपेचा स्त्रियांच्या कामजीवनाशी संबंध सरळ तपासणारा अमेरिकेतला एक अभ्यास २०१५ चा आहे. १७१ तरुणींनी दोन आठवडे रोज नोंदी ठेवल्या. रात्री एक तास अधिक झोप मिळाली, तर दुसऱ्या दिवशी जोडीदाराशी समागम होण्याची शक्यता १४ टक्क्यांनी वाढत होती. ही गोष्ट कोणत्याही कष्टकरी घरातल्या बाईने अभ्यासाशिवाय सांगितली असती, हे खरे आहे. पण तिला विचारले कुणी?

उपायांचा इतिहास हा तडजोडींचा इतिहास आहे. पहिला खात्रीचा उपाय म्हणजे घशाला भोक पाडणे. ते दिवसा बंद ठेवायचे, रात्री उघडायचे. जीव वाचे, झोप परत येई, पण गळ्यातली ती नळी घेऊन जोडीदाराच्या जवळ जाणे किती अवघड असेल ह्याची कल्पनाच करावी. १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांच्यासमोर असाच एक रुग्ण आला. त्याला ही शस्त्रक्रिया सुचवलेली होती आणि ती त्याला नको होती. सलिव्हन ह्यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी मुखवटे बनवले होते. त्या अनुभवातून त्यांनी नाकावर बसणारा मुखवटा तयार केला आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या धर्तीच्या फुंकणीने त्यातून हवेचा सतत दाब दिला. घसा उघडा राहिला आणि माणूस रात्रभर झोपला. १९८१ मध्ये पाच रुग्णांवरचा हा प्रयोग 'लॅन्सेट'मध्ये आला. आजच्या सीपॅप यंत्राचा जन्म हा असा.

ह्या यंत्राचे गुण निर्विवाद आहेत. त्याचा लाभ दोघांना होतो, हेही मोजले गेले आहे. १९९९ मध्ये मेयो क्लिनिकच्या दहा जोडप्यांच्या अभ्यासात, रुग्णाला यंत्र लावताच त्याच्या जोडीदाराची झोप रात्री सुमारे तासाभराने वाढली. पण मुखवटा, नळी, पट्टे, गालावर उठलेले वळ हे सारे शय्येवर घेऊन येणे सोपे नसते. नवऱ्याला आपण रोगी दिसतो असे वाटते. बायकोला शेजारी कुणी विमान चालवतो आहे असे वाटते. कित्येक यंत्रे महिन्याभरात कपाटात जातात. ज्या जोडप्यांना हे जमते, त्यांनी बहुधा दोन साध्या गोष्टी केलेल्या असतात. जवळिकीची वेळ आणि यंत्राची वेळ ते वेगळी ठेवतात, मुखवटा झोपताना चढतो, आधी नाही. आणि रात्रीचा हट्ट सोडून ते पहाटेकडे वळतात, कारण चांगली झोप झाल्यावर शरीर आणि मन दोन्ही हजर असतात. ह्यात वैद्यक फारसे नाही. पण एका खोलीच्या घरात, मुले जागी होण्याच्या आधीची ती अर्धी घटका सापडणे हीही एक चैन आहे, हे निद्रारोगावरच्या पुस्तकांत सहसा लिहिलेले नसते.

यंत्राने कामजीवन सुधारते का? काही अंशी. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या १८२ रुग्णांच्या पाहणीत नियमित वापर करणाऱ्यांचे लैंगिक समाधान न वापरणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेले दिसले. गंमत अशी, की ही सुधारणा स्त्रियांत ठळक होती, पुरुषांत तितकी नाही. पुरुषांच्या रक्तवाहिन्यांची वर्षानुवर्षांची हानी मुखवट्याने सगळी भरून निघत नाही. मधुमेह आणि रक्तदाब बहुधा सोबतीला असतात. त्यामुळे अनेकांना १९९८ पासून मिळू लागलेल्या सिल्डेनाफिलसारख्या गोळ्यांचीही जोड लागते. ती घेताना हृदयविकाराच्या नायट्रेट गोळ्या चालू असल्या तर रक्तदाब धोकादायकपणे उतरतो. म्हणून हा विषय औषधाच्या दुकानात कुजबुजून उरकण्याचा नाही, डॉक्टरांपुढे मांडण्याचा आहे.

उलट दिशेची कथा नार्कोलेप्सीची आहे. तिथे उपचारानेच अडचण आणली. १८८० साली जेलिनो ह्या फ्रेंच वैद्याने ह्या विकाराला नाव दिले. त्याचा रुग्ण दारूची पिंपे विकणारा, अडतीस वर्षांचा होता. त्याला दिवसात शेकडो वेळा झोप घेरी. हसू आले, सौदा पटला, पत्त्यांत चांगली पाने आली, की त्याचे अंग लुळे पडे. पत्ते हातात धरून झोपलेला इतिहासातला हा आणखी एक! ह्या लुळेपणाला पुढे कॅटाप्लेक्सी हे नाव मिळाले. भावनेचा, विशेषतः आनंदाचा झोत तिला चेतवतो आणि काहींच्या बाबतीत कामतृप्तीचा क्षणही. आपला सुखाचा क्षण हाच आपल्याला पाडतो, हे कळल्यावर माणूस सुखच टाळायला लागतो. जोडीदाराला ह्यातले काही ठाऊक नसेल, तर तो अलिप्तपणा त्याला रुक्षपणा वाटतो. १९६० मध्ये जपानमध्ये इमिप्रामिन हे नैराश्यावरचे औषध कॅटाप्लेक्सी रोखते असे दिसले. मोठाच दिलासा होता, पण ह्याच वर्गातली औषधे इच्छा, ताठरता आणि तृप्ती तिन्हींवर बोळा फिरवू शकतात. पडणे थांबले, पण जवळ जाण्याची ओढही गेली. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. दिवसाच्या झोपेवर दिले जाणारे मोडाफिनिल गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करते. औषध देणाऱ्याने शय्येची चौकशी केली नाही, तर हे सांगायचे राहून जाते.

ही चौकशी कधी सुरू झाली, हे पाहण्यासाठी प्रश्नावल्या वाचाव्यात. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये तयार केलेली एपवर्थ प्रश्नावली जगभर वापरली जाते. वाचताना झोप येते का, टीव्ही पाहताना, सभेत, प्रवासात, दुपारी पडल्यावर, कुणाशी बोलत बसल्यावर, जेवणानंतर, रहदारीत गाडी थांबल्यावर, असे आठ प्रसंग तिच्यात आहेत. त्यांत कुठेही जोडीदार नाही. १९९७ मध्ये टेरी वीव्हर यांनी झोपाळूपणाचा रोजच्या जगण्यावर होणारा परिणाम मोजण्यासाठी तीस प्रश्नांची दुसरी प्रश्नावली केली. तिच्यात प्रथमच जवळीक आणि कामजीवन ह्यांना स्वतंत्र विभाग मिळाला. झोपेमुळे वा थकव्यामुळे इच्छेवर परिणाम झाला आहे का, असे ती सरळ विचारते. उत्तरांसाठी खूप, मध्यम, थोडी अडचण, अडचण नाही, अशा पायऱ्या आहेत. आणि त्यांच्या जोडीला शून्याचा एक पर्याय आहे, त्याचा आशय असा, की आम्ही हे दुसऱ्याच कारणांमुळे करत नाही. कारण लिहायला तिथे जागा ठेवलेली नाही.